तुकडीपुरती वाइन

रविवारी दादरच्या मार्केटातून बोंबील आणले, फ्रिजमध्ये नाशिकची सोव्हिन्यॉं ब्लाँ ही व्हाइट वाइन पडलेलीच होती, म्हटलं आज काय तो सोक्षमोक्ष लावूनच टाकू. कारण माशाबरोबर व्हाइट वाइन हे सगळे सांगतात पण कुठला मासा ते कोणी सांगत नाही. फ्रान्समध्ये लोआर नदी समुद्राला मिळते तिथे मस्कादे म्हणून वाइन होते, ती लोक कच्च्या कालवांबरोबर पितात. आपण कालवं आणली की आधी कांदा-खोबऱ्याचं वाटण काढतो, मग त्या बिचाऱ्या मस्कादेने करायचं काय!

तर बोंबील चिरून, पाट्याखाली दाबून पाणी काढलं, हळद-तिखट-आगळ लावून रव्यात घोळवून तळले. पहिला घास, मागून घोट, आणि खरंच जमलं की हो. तळलेल्या तुकडीवर आपण लिंबू पिळतो ना, तेच काम त्या वाइनचा आंबटपणा करत होता, तोंडातला तेलकटपणा धुऊन पुढच्या घासाला जीभ कोरी. रेड वाइनला हे जमत नाही, तिच्यातल्या लोहामुळे माशाचा उग्र वास उलट वर येतो, मी एकदा बांगड्याबरोबर हा पराक्रम केलाय, परत नाही.

आईने स्टीलच्या पेल्यात दोन बोटं घेतली, हुंगली, म्हणाली, "कैरीसारखा वास येतोय, पण हिला मीठ-साखर काही नाही का रे?" मला त्यात नुसतं हिरवं गवत लागत होतं, पण तिने म्हटल्यावर कैरीच लागायला लागली. साधारण ८ ते १० डिग्रीला प्यावी म्हणतात, मुंबईच्या मे महिन्यात पंख्याखाली ती तेवढी गार किती वेळ राहणार, म्हणून थोडी थोडीच ओतायची आणि बाटली परत फ्रिजात.

मग आलं कोलंबीचं लाल कालवण आणि भात. तिथे वाइनने हात टेकले. तिखटावर अल्कोहोल म्हणजे आगीत तेल, शिवाय कालवणात कोकम आधीच बसलेलं, आंबटावर आंबट. शेनिन ब्लाँ ह्या दुसऱ्या द्राक्षाची थोडी गोडसर व्हाइट असती तर कदाचित निभावलं असतं. नाशिकच्या सुला कंपनीने २००० साली पहिल्या वाइन काढल्या त्या ह्याच दोन द्राक्षांच्या, बाटली घेताना मी नेमकी चुकीची उचलली. बाटली राहिली अर्धी.

सोमवारी संध्याकाळी घरी आलो तर तिसऱ्या (शिंपल्या) शिजत होत्या, वास भलताच ओळखीचा. आई म्हणाली, "ती उरलेली वाइन ओतली यात, फुकट कशाला घालवायची." चांगल्या झाल्या होत्या, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.