किल्ली कमरेलाच

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजणारे नऊ दिवस, सुरू होता. दुपारचे अडीच. दारं-खिडक्या लोटलेल्या, कूलरच्या ताट्या भिजवलेल्या, पोटात कैरीचं पन्हं आणि भुकेपेक्षा दोन पोळ्या जास्त. झोप अगदी पापणीवर येऊन टेकली होती, तेवढ्यात टीव्हीतून असा काही आरडाओरडा झाला की मी सतरंजीवर उठून बसलो.

भाची सुट्टीला पुण्याहून आली आहे. वय सहा. टीव्हीपासून दीड हातावर मांडी ठोकून बसली होती. हातातली कुल्फी मनगटावरून ओघळत कोपराला पोचली होती, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. पडद्यावर एका लोखंडी पिंजऱ्यात खवल्या मांजर. पिंजरा ट्रकवर. ट्रक चालवणारा माणूस म्हणजे जबडा खलबत्त्याएवढा, मिशीची टोकं कानापर्यंत, एक दात सोन्याचा आणि कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. खवल्या मांजराचे डोळे मात्र रसगुल्ल्यासारखे, आणि मधूनमधून ते भाचीकडे पाहून दात काढून हसत होतं.

"त्याला दात नसतात," मी म्हटलं.

"मामा, चूप ना!"

पण खरंच नसतात. खवल्या मांजर मुंग्या आणि वाळवी खातं, ती लांबलचक चिकट जिभेनं. चावायचा प्रश्नच येत नाही. अंगावरचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे, आणि त्या नखांचं औषध होतं या समजुतीपायी जगभर त्याची इतकी चोरटी धरपकड झाली की 2016 साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पुरती बंदी आणावी लागली. भीती वाटली की ते अंगाचा चेंडू करून बसतं. वाघानं तोंड घातलं तरी त्याच्या हाती, म्हणजे दाताखाली, फार काही लागत नाही. माणसाला मात्र तो चेंडू नुसता उचलून पोत्यात टाकायचा असतो. वाघापासून वाचवणारी युक्ती पोतेवाल्याच्या पथ्यावर पडते. हे सगळं मी भाचीला सांगणार होतो, पण तिनं रिमोट उचलून आवाज वाढवला.

कथा पुढे सरकली. एक धीट मुलगी, तिच्या खांद्यावर खार. शिकारी घोरतो आहे. खार किल्ल्यांचा जुडगा ओढते आहे. मला या किल्ल्यांचं कायम नवल वाटत आलं आहे. कार्टूनमधल्या समस्त शिकाऱ्यांच्या किल्ल्या कमरेलाच का असतात? आणि त्यांना झोप इतकी गाढ कशी लागते? आमच्याकडे दुपारच्या झोपेला एवढा सराव असून कूलरची मोटर जरा कुरकुरली तरी जाग येते.

हिंदीत डब केलेलं कार्टून होतं ते, त्यात त्या माणसाला सारखं 'शिकारी' म्हणत होते. मराठीतही दुसरं काय म्हणणार? इंग्रजीत चोरून शिकार करणाऱ्याला पोचर हा वेगळा शब्द आहे. आपल्याकडे वाघावर पाय ठेवून फोटो काढणारा राजा तोही शिकारी आणि रात्री तार लावून बसणारा तोही शिकारीच. वर्तमानपत्रं 'अवैध शिकार' लिहितात, 'तस्कर' लिहितात, पण पानाच्या ठेल्यावर कुणी 'अवैध शिकारी' म्हणताना ऐकलं नाही. माझ्या लहानपणी नागपुरात धंतोलीतल्या एका ओळखीच्या घरी बैठकीत वाघाचं डोकं होतं, भुसा भरलेलं. काचेचा एक डोळा निखळून पडलेला. घरातली मोठी माणसं त्या शिकारीची गोष्ट अभिमानानं सांगायची आणि आम्ही चिवडा खात ऐकायचो. 1972 चा वन्यजीव कायदा येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण गोष्ट त्याच्या आधीची होती, म्हणून चालून जायची. त्या घरातल्या आजोबांचा जबडा अगदी साधा होता. कवळीच होती त्यांना.

आणि मग तो पोट्टा आठवला.

1985 ची गोष्ट असावी. मी नऊ वर्षांचा, चुलतभाऊ बाळू अकराचा. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहत होतो. सायकलच्या कॅरियरला बांबूची जाळीदार टोपली बांधून मुनिया विकणारा एक माणूस महिन्यातून एखाद्या वेळी गल्लीत यायचा. टोपलीत तीस-चाळीस मुनिया एकमेकींना चेंगरून बसलेल्या. त्यातल्या काही पोपटी, काही गुलाबी, काही हळदीसारख्या पिवळ्या. त्या मुनिया मुळात अशा रंगाच्या नव्हत्याच, त्या रंगवलेल्या असायच्या, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी कुठलीशी गोष्ट वाचून किंवा टीव्हीवर पाहून आमच्या अंगात सुटकेचं वारं संचारलं होतं. भाऊबीज आणि राखीचे मिळून साठलेले पैसे आम्ही काढले आणि सहा मुनिया विकत घेतल्या. त्यानं त्या कागदाच्या पिशवीत भरून दिल्या. पिशवीला सुईनं भोकं पाडली, हे मला स्पष्ट आठवतं. पाडताना तो आत सुई किती जाते याचा अंदाज घेत होता.

पिशवी छातीशी धरून आम्ही शुक्रवारी तलावाच्या काठावर गेलो. सोडताना काहीतरी बोलायला हवं असं बाळूला वाटलं, म्हणून तो "जा, तुम्ही स्वतंत्र आहात" असं पंधरा ऑगस्टच्या भाषणातल्या सुरात म्हणाला. पिशवी उघडली. दोन भुर्रकन गेल्या. त्या खऱ्याच गेल्या. उरलेल्या चार हातभर उडून जास्वंदीच्या झुडपात पडल्या. बसल्या म्हणवत नाही, पडल्याच. माझी बोटं पोपटी झाली होती.

मागे वळून पाहिलं तर सायकलवाल्याचा पोरगा उभा. आमच्याच वयाचा. हातात बांबूची लांब काठी, तिच्या टोकाला वडाचा चीक लावलेली काडी. तो आमच्या मागोमाग चालत आला होता आणि शांतपणे पाहत होता. आम्ही काही बोलायच्या आत त्यानं काठी झुडपात सरकवली. जराही घाई नाही. काडी मुनियेच्या पाठीला टेकली, की मुनिया काडीसकट बाहेर. एक. दुसरी. उरलेल्या दोघी कुंपणाच्या आत पार खाली शिरल्या, त्यांचं पुढे काय झालं ते माहीत नाही.

मी रडायला लागलो. बाळू मारायला धावला. पोरगा हललासुद्धा नाही.

"रडून काहून राहिला बे?" तो म्हणाला. "यायले उडता येतच नाही. रातच्याला मांजर खाईन."

त्यानं एकीचा पंख पंख्यासारखा उघडून दाखवला. आतली चार-पाच पिसं चिकानं एकमेकांना जखडली होती. पहिल्यांदा पकडली तेव्हाचा चीक. मग त्यानं जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. त्याच्या डोक्याला खोबरेल चपचपीत चोपडलेलं होतं. त्यानं स्वतःच्या केसांत दोन बोटं घासली आणि तेलकट बोटांनी एकेक पीस मुळापासून टोकापर्यंत निपटलं. पुन्हा केस, पुन्हा पीस. चीक सुटला तशी जमिनीवरची बारीक माती चिमटीत घेऊन पिसांवर भुरभुरवली, म्हणजे तेल शोषलं जावं. फुंकर मारली. आणि मुनिया माझ्या हातात दिली, मान त्याच्या दोन बोटांमधून माझ्या दोन बोटांमध्ये.

"छाती दाबजो नको. दम कोंडते."

पुढे कधीतरी वाचलं की पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वासाचा पडदा, नसतं. छातीचा भाताच हलतो, तो मुठीत आवळला की संपलं. त्या पोराला ते माहीत होतं. मला माझ्या सुटकेच्या गोष्टीनं सांगितलं नव्हतं.

मी मूठ सोडली. ही उडाली, नीट उडाली, कडुनिंबाच्या वरून. दुसरी त्यानं सदऱ्याच्या आत टाकली आणि वरचं बटण लावलं.

"एक तुही, एक माही," म्हणाला आणि गेला.

घरी येऊन सांगितलं तर आजीनं आधी आंघोळीला पिटाळलं आणि मग म्हणाली, "पारधी असंल कोनाचा." वास्तविक तो कोण, कुठला, कुणी विचारलंच नव्हतं. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यात पारधीही सापडले. कागदावरचा शिक्का 1952 मध्ये पुसला गेला. आमच्या ओसरीवर 1985 मध्ये तो चांगला ठसठशीत होता. धंतोलीच्या त्या आजोबांना मात्र आजी 'शौकीन माणूस' म्हणायची.

इकडे कार्टूनमध्ये किल्ली लागली होती. पिंजरा उघडला, पाठलाग झाला, दोरखंडाचा पूल आला आणि ट्रक त्या जबड्यासकट नदीत कोसळला. मग मला ठाऊक होतं तेच झालं. खवल्या मांजर जंगलाच्या कडेपर्यंत गेलं, थांबलं आणि मागे वळून पाहिलं. रसगुल्ल्यातून पाक ओघळावा तसा एक अश्रू. व्हायोलिन.

या मागे वळून पाहण्याचा मला राग आहे, हे एकदा सांगूनच टाकतो. माझ्याकडे आजवर कुणीही वळून पाहिलेलं नाही. त्या मुनियेनंही नाही. मध्यंतरी एका संक्रांतीला आमच्या गल्लीतल्या कडुनिंबावर घार लटकत होती, नायलॉनचा मांजा पंखात रुतलेला. शेजारच्या पोरांनी शिडी लावून तिला उतरवली. मी खोक्यात जुना टॉवेल अंथरून तिला सेमिनरी हिल्सवर वनखात्याच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये घेऊन गेलो. स्कूटरवर, गुडघ्यांत खोकं. सिग्नलला थांबलो की झाकण किलकिलं करून "घाबरू नको" म्हणायचो. तिथल्या माणसानं खोकं घेतलं आणि विचारलं, वाटेत उघडलं होतं का? मी म्हटलं, हो, धीर द्यायला. तो म्हणाला, भाऊ, तिच्यासाठी तुम्ही धीर नाही, तुम्हीच भीती. अंधार ठेवायचा, पाणी पाजायचं नाही, बोलायचं तर अजिबात नाही. काही आठवड्यांनी फोन केला तर कळलं, सोडली. बस, एवढंच. मी त्यानंतर कितीतरी दिवस गच्चीवर उभा राहून घारी पाहत होतो. नागपूरच्या आभाळात घारी काय कमी आहेत? त्यातली एकही जरा खाली आली नाही.

ते एक असो.

पण शिकाऱ्याच्या त्या चेहऱ्याचं काय करायचं? उमरेड-कऱ्हांडल्याचा जय नावाचा वाघ साऱ्या विदर्भाचा लाडका होता. इथून तासाभराच्या अंतरावर त्याला पाहायला कुठून कुठून लोक यायचे. एप्रिल 2016 नंतर तो कुणाला दिसला नाही. लोक वर्षभर चहाच्या टपऱ्यांवर त्याचा तपास करत होते, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत एक जबड्याचा माणूस होता. दुसऱ्या वर्षी त्याचा मुलगा श्रीनिवास गेला, नागभीडच्या बाजूला. गळ्यात रेडिओ कॉलर होती. पीक राखायला शेताच्या कुंपणात सोडलेल्या करंटला तो लागला आणि शेतकऱ्यानं घाबरून त्याला पुरून टाकलं. बातमी वाचली तेव्हा मी रागानं पेपर आपटला होता. नंतर मात्र तो खड्डाच डोळ्यांसमोर यायला लागला. रात्रीची वेळ असेल. वाघ पुरायचा म्हणजे केवढा खड्डा लागला असेल, आणि खणताना त्या माणसाचे हात कसे चालले असतील. एप्रिलात आमच्याकडची काळी माती दगडासारखी झालेली असते. त्याच्या कमरेला किल्ल्या नसतील.

टीव्हीवर नावं यायला लागली. भाचीनं कुल्फीची काडी चोखून संपवली, कोपर फ्रॉकला पुसलं आणि माझ्याकडे वळली. आता खवल्या मांजराबद्दल विचारेल, म्हणून मी सरसावून बसलो. दातांचा मुद्दा राहिलाच होता.

"मामा, तो अंकल नदीत पडला ना. त्याला पोहता येतं?"

"कोणाला? त्या शिकाऱ्याला?"

"हो. तो वर आला का? त्यांनी दाखवलंच नाही."

मी जरा विचार केला. खरंच दाखवलं नव्हतं. ट्रक पडला, पाणी उडालं आणि सगळे नाचायला लागले.

"येत असेल," मी म्हटलं. "मोठा माणूस आहे."

"पण कपडे ओले झाले असतील."

कूलरच्या टाकीत पाणी संपत आलं होतं, मोटर कोरडी घरघरत होती. मी उठून बादली उचलली.

"उन्हाळाच आहे," मी म्हटलं. "वाळतील."