ग्रँड कॅन्यन: कठड्यावरून परतू नका, थोडं खाली उतरा

ग्रँड कॅन्यनला येणारे बरेच जण साउथ रिमच्या, म्हणजे दरीच्या दक्षिण काठाच्या, कठड्यापाशी फोटो काढतात आणि लगेच लास व्हेगासची वाट धरतात. तुमच्या हाताशी एक पूर्ण दिवस असेल तर ब्राइट एंजल ट्रेलने खाली उतरा. पार नदीपर्यंत नको, झेपेल तेवढंच. वरून सगळं इतकं अफाट असतं की नजर ठरत नाही. ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल दरी डोळ्यांत मावायची कशी? चालायला लागलं की मात्र एकेक थर हाताशी येतो.

आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो. रिम २,१०० मीटर उंचीवर असल्यामुळे पहाटे कानटोपी लागली, आणि ऊन वर आल्यावर खाली शर्टही नकोसा झाला. पहिल्या बोगद्यापाशी जरा थांबून वर कातळाकडे बघा. तिथे लाल रंगात काढलेली जुनी चित्रं आहेत. उतरण्याच्या घाईत बहुतेकांच्या नजरेतून ती सुटतात.

अगदी वरचा थर कैबाब चुनखडीचा, सुमारे २७ कोटी वर्षं जुना. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींच्या आसपासचा. म्हणजे इथला सर्वांत नवा थरही सह्याद्रीच्या चौपट वयाचा! त्याखालच्या फिकट कोकोनिनो वालुकाश्मात तिरप्या रेघा दिसतात. एकेकाळच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांचे ते उतार. पुढे रेडवॉलचा उभा कडा येतो. तो लालभडक दिसतो खरा, पण जिथे ताजा टवका उडालाय तिथे खडक चक्क राखाडी आहे. वरच्या थरांतलं लोह पाण्याबरोबर ओघळून त्याला हा रंग चढलाय. अशा कड्यातून वाट निघाली ती ब्राइट एंजल भ्रंशामुळे. या भेगेने खडक फोडून ठेवला, त्यातून आधी जनावरं आणि मग माणसं उतरली.

सुमारे ७ किलोमीटर चालून, ९३० मीटर उतरून आपण हवासुपाई गार्डन्सला पोहोचतो. रखरखाटात अचानक वाहतं पाणी आणि कॉटनवुडची दाट सावली. या जागेचा इतिहास माहीत असल्याशिवाय तिथे बसू नये असं मला मनापासून वाटतं. हवासुपाई ही इथली मूळ जमात, ते लोक इथे मका, घेवडा, भोपळा पिकवत. १९१९ मध्ये नॅशनल पार्क झालं, आणि १९२८ मध्ये त्यांच्यातल्या इथल्या शेवटच्या रहिवाशाला जबरदस्तीने बाहेर काढलं. १९७५ च्या कायद्याने जमातीला १,८५,००० एकर जमीन परत मिळाली. या जागेला त्यांचं नाव मिळायला २०२२ उजाडलं. कॅन्यनचा ‘शोध’ १५४० मध्ये स्पॅनिश लोकांनी लावला असं वाचायला मिळतं. पण त्यांना कड्यापर्यंत घेऊन आले होते होपी या मूळ जमातीचे वाटाडे.

अंगात बळ असेल तर आणखी अडीच किलोमीटरवर प्लॅटो पॉइंट आहे. तिथून खाली कोलोरॅडो नदी दिसते आणि नदीकाठचा काळपट खडकही, सुमारे १७० कोटी वर्षांचा ‘विष्णु शिस्ट’. विष्णु, शिव अशी नावं इथल्या शिखरांना क्लॅरन्स डटन या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात दिली.

आता कामाचं. सह्याद्रीत आधी चढ, मग उतार. इथे बरोबर उलटं, त्यामुळे दमल्याचं कळतं तेव्हा अख्खा चढ बाकी असतो. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. नदीपर्यंत जाऊन एकाच दिवसात परतायचा बेत करू नका. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दहा ते चार चालणं टाळा. पाण्याची पाइपलाइन जुनी आहे, ती फुटते. कोणते नळ चालू आहेत ते पार्कच्या वेबसाइटवर त्याच दिवशी पाहून निघा. नुसतं पाणी पीत राहिलं आणि मीठ पोटात गेलं नाही तर रक्तातलं सोडियम घसरतं, म्हणून खारे दाणे, चकली, चिवडा जवळ ठेवा आणि खात राहा. खेचरं आली की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला उभं राहायचं आणि हाकणारा सांगेल तसं करायचं.

साउथ रिमच्या काठाने जाणाऱ्या हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्या नेता येत नाहीत, मोफत शटल आहे. नॉर्थ रिमवरचं जुनं लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळालं, त्यामुळे तिकडे काय उघडं आहे ते विचारूनच बेत करा. आणि आई-वडील बरोबर असतील, त्यांना उतरणं शक्य नसेल, तर त्यांना यावापाई संग्रहालयापासून ‘ट्रेल ऑफ टाइम’वर न्या. फरसबंद, सपाट वाट आहे. तिथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि दरीतल्या थरांचे नमुने वाटेच्या कडेला मांडलेत. त्यांना हात लावायला पूर्ण मुभा आहे.