काटा चारवरच

रविवार, रात्री पावणेअकरा

फार काही झालेलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी वाचताना मलाच वाटायला नको की केवढं रामायण झालं होतं त्या दिवशी. कॉफी संपली होती, बस. कॉफी मशीनच्या दांडीला मग टेकवला, दाबला, चार बोटं कॉफी आली आणि मग नुसतं फुर्रऽऽ. आणि मी भाऊजी-जाऊबाईंसमोर, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "कोण पिऊन गेलं?"

त्या 'कोण'पाशी सकाळपासून अडले आहे. "संपली वाटतं" असं म्हणता आलं असतं. "अजून टाकते" म्हणता आलं असतं. पण तोंडातून आलं ते 'कोण'. चोर पकडायला निघाल्यासारखं.

भाऊजी फाफड्याचा पुडा सोडत होते, त्यांचा हात तिथेच थांबला. ह्यांनी पेपर जरा वर घेतला. जाऊबाईंनी काहीच केलं नाही, आणि त्यांचं काहीच न करणं मला गेली अठ्ठावीस वर्षं नीट कळतं. आई वाती वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी घेतली गं. अर्धाच पेला."

मग मी "अहो आई, तसं नाही, मी आपलं सहज" वगैरे. सहज!

आता स्वतःची बाजू मांडते, इथे तरी मांडू दे. या मशीनला भांडं नाही. काचेचा जग वगैरे काही नाही. कॉफी गळते ती आतल्याच टाकीत, आणि पुढे एक दांडी आहे, तिला कप लावून रेटायचं, की धार येते. घरी येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, की याचं भांडं कुठाय, फुटलं का? नाही फुटलं, नव्हतंच. लेकीने दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून बॅगेत टॉवेलांत गुंडाळून आणलं तेव्हा म्हणाली होती, "आई, फुटायला काही नाहीच यात, तुझ्यासाठी एकदम बरोबर." हे तिने का म्हटलं ते मला माहीत आहे, पण तो विषय वेगळा.

आत किती उरली आहे हे कळायला बाजूला एक काटा आहे. टाकीत तरंगणारं बोंडूक असतं, ते खालीवर होतं तसा काटा हलतो. गेल्या दिवाळीपासून कॉफीच्या तेलकट थराने ते बोंडूक चिकटून बसलंय. काटा चारवर. टाकी भरलेली असो, कोरडी असो, चार कप. तेव्हा आत काय आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. कप दाबल्यावरच कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

गेले चार महिने कॉफी कमी पडतेय. सहा खुणेपर्यंत पाणी घालायचं (मशीनवरचा कप म्हणजे दीडशे मिलिलिटर, त्या मापावर आपण जायचं नाही, आमच्या एका मगात पावणेदोन कप बसतात), म्हणजे पाऊण लिटरच्या वर कॉफी निघायला हवी. थोडं पाणी चोथा पिऊन टाकतो, ते धरूनही माझे दोन मग व्हायला हवेत आणि ह्यांचा एक. आणि रोज माझा दुसरा मग अर्ध्यावर फुर्र. मी कुणावर संशय घेतला असेल? ह्यांच्यावर, अर्थात. चार महिने एका निरपराध माणसाशी मी मनातल्या मनात भांडत होते. मार्चमध्ये तर मी त्यांच्या मगाची आतून उंची मोजली होती, धुताना, बोटाने. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मोजायला लागले मी. तेच ते. भांडं दिसलं असतं तर मोजलं नसतं. उरली आहे, नाही उरली, सगळ्यांना दिसतंय, विषय संपला. पण दिसत नाही म्हटल्यावर हिशेब सुरू होतो. हे मी मशीनवर ढकलते आहे का? ढकलते आहे.

आणि का मोजू नये? या घरात कॉफीचं सगळं मीच करते. चिकमगळूरची पावडर मी मागवते, मध्यम दळलेली, कारण दाक्षिणात्य फिल्टरसाठी दळलेली बारीक चिकोरीवाली घातली की कागद तुंबतो आणि चोथ्यासकट सगळं टाकीत. (एकदा घातली होती. ओटा, ड्रॉवर, ड्रॉवरमधले चमचे.) कागदी फिल्टर संपले की जीव माझा खाली-वर. दर महिन्याला निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी घालून क्षार काढते, कारण सोसायटीच्या बोअरचं पाणी असं आहे की पातेल्याला आठ दिवसांत पांढरं पुट धरतं. टाकीखालची रबरी चकती काढून, घासून, परत बसवायची तीही मीच. ती एक केसभर तिरकी बसली तर रात्रभर थेंब थेंब, म्हणून खाली वाटी ठेवते. कुणाला कळतं तरी का की तिथे वाटी का असते? जर्मनीत ड्रेसडेनच्या एका गृहिणीने, मेलिटा बेंट्झ नाव, १९०८ साली मुलाच्या वहीतला टिपकागद भोकं पाडलेल्या पितळी डब्यात घालून पहिला कागदी फिल्टर केला, कारण तोंडात येणाऱ्या चोथ्याला ती कंटाळली होती. हे वाचलं तेव्हा मला ती अगदी जवळची वाटली होती. आता वाटतं, त्या घरातही पहिला कप तिला मिळाला असेल की नाही कोण जाणे.

झालं रडून. पुढे.

दुपारी भांडी लावताना आईंचं फुलपात्र हातात आलं. त्याच्या तळाशी तपकिरी कडं. हे कडं मी रोज बघते. रोज घासते! मला वाटायचं काढा घेतात.

चारला त्या उठल्यावर विचारलं. म्हणजे विचारलं असं नाही, त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि जायफळाचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "तुमच्या कॉफीला वास कसला तो नाहीच. जायफळ नाही, वेलदोडा नाही. कॉफी म्हणजे पूर्वी कुणी बघायला यायचं तेव्हा नाहीतर ताप उतरल्यावर." मग थोड्या वेळाने आपणच म्हणाल्या, "पण गरम असते."

दूध?

"फ्रीजमधलं घालते थोडं. थंडच. चालतं."

मायक्रोवेव्ह आहे ना, आई.

"तो टुंग टुंग करतो. तुम्ही उठाल."

यावर मी काय बोलणार. गेल्या श्रावणात सांडशी सुटून दूध पायावर गेलं तेव्हापासून रात्री गॅसचा कॉक आम्ही बंद करतो. आम्ही म्हणजे मी. "काही लागलं तर मला उठवा, अगदी कितीही वाजता" हे वाक्य मी तेव्हा म्हटलं होतं आणि म्हणताना फार बरं वाटलं होतं. पहाटे पाचला उठून बसलेलं माणूस सुनेला हाक मारून चहा मागेल का? मी मागितला असता का? मी तर ह्यांनासुद्धा उठवत नाही.

काचेचा जग असता तर आईंना तो उचलता आला नसता. भरलेला जग, तो वाकवायचा, तोही धरू न धरू अशा हातांनी. इथे काय, फुलपात्राला पदर गुंडाळायचा, दोन्ही हातांनी धरायचं आणि दांडीला लावून नुसतं पुढे रेटायचं. त्यांनी करून दाखवलं. रिकामंच, पण तशाच उभ्या राहिल्या ओट्याला पोट टेकून, म्हणजे हलायला नको. चार महिन्यांत त्यांनी ही उभं राहायची जागा शोधून काढली आहे. ती वाटीही त्यांना ठाऊक होती. "आधी वाटी सरकवायची, मग पेला. नाहीतर वाजते."

एवढं चोरपावलांनी. आणि मी, कोण पिऊन गेलं.

बडोद्यातल्याच दांडिया बाजारच्या जुन्या घरी असतो तर पहाटे समोरून कुणीतरी हाक मारून पुदिना-गवती चहा घातलेला चहा दिलाच असता त्यांना. इथे कारेलीबागेत चौथ्या मजल्यावर कोण मारणार हाक. असो, ते घर विकायचं ठरवताना माझंही मत घेतलं होतं.

माफी मागायचं मनात होतं. मागितली नाही. आमच्यात ती पद्धत नाही, आणि मागितली असती तर त्यांना "अगं त्यात काय" म्हणायचं कामच वाढलं असतं. त्याऐवजी मी मशीन पुढे ओढून ठेवलं, ओट्याच्या काठाला. ट्रान्सफॉर्मरसकट. तो तर माझ्या एका हाताने उचलतही नाही, आणला तेव्हा रावपुऱ्यातला इलेक्ट्रिकवाला म्हणाला होता, "बेन, आ तो मशीन करतां वजनदार छे." तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची, त्याशिवाय गत्यंतर नाही.

त्या ट्रान्सफॉर्मरची एक गंमत आहे, आजपर्यंत वाटत होतं ती फक्त मलाच माहीत आहे. तो व्होल्ट कमी करतो, पण आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते आणि अमेरिकेतली ६०, ते त्याच्याच्याने बदलत नाही. आणि मशीनमधलं घड्याळ हेलकावेच मोजतं. साठ झाले की त्याचा एक सेकंद. म्हणजे आपल्याकडे ते तासाला दहा मिनिटं मागे पडतं, दिवसाला चार तास. सुरुवातीला हे म्हणाले, बिघडलेलंच दिलंय. मी आठ दिवस वहीत वेळा लिहून छडा लावला. हात न लावता सोडून दिलं, तर अडीचेक दिवसांत ते बरोबर न्यू जर्सीच्या वेळेला येऊन टेकतं. हे लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं हसेल. हसली नाही.

तर रोज रात्री नऊला मी घड्याळ बरोबर करते आणि कॉफी साडेचारला लावते. ती होते सहाला.

आजही गेले नऊला. भाऊजींचा उरलेला फाफडा मऊ पडला होता, तो डब्यात टाकला, चकती तपासली, कागद घातला. आई पाणी प्यायला म्हणून आल्या. पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशीच असतो.

"साडेचारला लावलंस?"

मी बघतच राहिले. म्हटलं, तुम्हाला काय माहीत साडेचार?

"रोज तीच तर टिकटिक करतेस. नऊ तासांचे त्याचे साडेसात तास होतात. सहावा हिस्सा खातंय ते." मग शाळेतल्या आवाजात, "त्रैराशिक आहे गं, त्यात काय."

मी वहीत आठ दिवस लिहीत होते.

"चारला लावलंस तर?" मी विचारायच्या आत त्याच म्हणाल्या. "सात तास. म्हणजे आपले आठ तास चोवीस मिनिटं. पाच चोवीस." आणि तांब्या न घेताच आत गेल्या.

चारला लावली. ती तापती पट्टी दोन तासांनी आपोआप बंद होते, तेही याच घड्याळाने, म्हणजे आपले दोन तास चोवीस मिनिटं. पावणेआठपर्यंत गरम राहील, पण दोन तास तापत पडलेली कॉफी कशी लागते ते मला माहीत आहे. कडू. साडेसातला उठणाऱ्यांनी कडू प्यावी. मला लवकर उठायला कोणी अडवलेलं नाही.

पाणी आठच्या खुणेपर्यंत घातलं. थर्मासमध्ये गरम दूध भरून मशीनशेजारी ठेवलं, आणि मग आठवलं की याचं झाकण त्यांच्याने फिरत नाही. ते नुसतं वर टेकवून ठेवलं, घट्ट न लावता. पहाटेपर्यंत कोमट होईल. उद्या दाबून काढायचा थर्मास बघते मंगळ बाजारात.

जायफळ किसलं, चिमूटभरच, पावडरीवर भुरभुरवलं. ह्यांना आवडणार नाही, पहिल्या घोटाला विचारतील हे काय घातलंस. जाता जाता काट्यावर टिचकी मारून पाहिली. हलला नाही. चारवरच.