रिकाम्या हाताचं शून्य

पारोळा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवते. दसऱ्यानंतर आमचा पट कागदावर सतराचा असतो आणि वर्गात कधी बारा, कधी नऊ. घरोघर कापसाची वेचणी चालू असते. मोठी माणसं पहाटेच शेतात जातात, लहान भावंडांना सांभाळायला चौथीतली मुलगी घरी राहते. याला पालकांचं अज्ञान म्हणणाऱ्यांनी एकदा नोव्हेंबरात येऊन बघावं.

तर त्याच दिवसांत आमचा भागाकार येतो. बाहेरच्यांना वाटतं, मुलं पाढे येत नाहीत म्हणून अडतात. पाढे कच्चे असतातच, पण खरी अडचण दुसरी आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार ही तिन्ही गणितं मूल उजवीकडून, एककापासून करायला शिकतं. दोन वर्षं हात तसाच वळवलेला असतो. आणि भागाकारात आम्ही अचानक सांगतो, डावीकडून सुरू कर. का, ते कोणी सांगत नाही. ‘भाग घाला, गुणा, वजा करा, वरचा अंक खाली घ्या’ हे मंत्रासारखं पाठ करून घेतलं जातं. माझ्या आधी या वर्गाला शिकवणाऱ्या गुरुजींनी मुलांकडून ते तालावर म्हणून घेतलं होतं. मुलं अजून छान म्हणतात. गणितं मात्र चुकतात.

सगळ्यात जास्त चुकतं मधलं शून्य. त्या दिवशी मी फळ्यावर गणित दिलं: कापसाची गाडी भरायचे टोळीला १८५४ रुपये मिळाले, टोळीत ६ जण, प्रत्येकाला किती? पुस्तकातले पेढे आणि फुगे मी मुद्दाम टाळते. आमच्या गावात खेडा खरेदीची, म्हणजे गावातच येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी येते, काटा लागतो, मुलं भोवती उभी राहून सगळं बघतात. क्विंटलचा ७२०० भाव सांगितला तर किलोचे ७२ हे त्यांना मांडावं लागत नाही. म्हणून व्यवहारातलंच गणित दिलं, आणि हजर तेरापैकी नऊ जणांनी उत्तर लिहिलं ३९.

अठराला सहाने भाग, तीन. मग पाच खाली घेतला, पाचात सहा जात नाही, म्हणून चारही खाली घेतला. चोपन्नला सहाने भाग, नऊ. वर लिहिलं तीन आणि नऊ. ‘पाचात सहा जात नाही’ ही गोष्ट घडली, पण तिची जागाच राखली नाही. पडताळा घेतला असता, तर ३९ गुणिले ६ म्हणजे २३४ आले असते. त्याआधीही एकाने तरी विचारायला हवं होतं की ३९ रुपयांत गाडी कोण भरेल. कोणी विचारलं नाही.

मी खेळातल्या नोटांचं पाकीट काढलं. शंभराच्या अठरा, दहाच्या पाच, रुपयाची चार नाणी. सहा मुलं पुढे बसवली आणि वाटप करायला एकाला बोलावलं. हा मुलगा मागच्या भिंतीशी बसतो. त्याचे वडील गाडी भरणाऱ्या टोळीत आहेत. लेखी गणितात तो वही झाकून बसतो, म्हणून मी त्याला फारसं उठवत नाही. त्या दिवशी का उठवलं, ते आठवत नाही.

त्याने शंभराच्या नोटा आधी हातात घेतल्या. सांगावं लागलं नाही. तीन फेऱ्यांत अठरा संपल्या. मग दहाच्या पाच नोटा पंख्यासारख्या धरल्या, समोरचे सहा जण बघितले आणि एकही न वाटता माझ्याकडे आला. “या कमी पडतस मॅडम, सुट्टा करना पडतीन.” मी पन्नास नाणी दिली. आधीची चार त्यात मिसळून त्याने प्रत्येकापुढे नऊ-नऊ ठेवली. “तीनशे नऊ,” म्हणाला.

मोठ्या नोटा आधी का वाटायच्या, असं मी वर्गाला विचारलं. तोच बोलला: सुट्टे आधी वाटले तर शंभराची नोट मोडल्यावर पुन्हा सगळ्यांकडे फिरावं लागतं. भागाकार डावीकडून का सुरू होतो, याचं इतकं नेमकं उत्तर मला डी.एड.ला कोणी दिलं नव्हतं. मी रक्कम १८५८ केली. नऊ-नऊ वाटून चार रुपये उरले. या बाकीचं काय करायचं? इतर मुलं पैशांत तोडायला निघाली. तो म्हणाला, “त्या चहामा जातस.”

मी फार खूश झाले होते. त्याच्या हातात खडू दिला आणि पहिलं, १८५४ चंच गणित फळ्यावर मांडायला सांगितलं. त्याने लिहिलं ३९.

मी विचारलं, “आत्ता प्रत्येकाला किती दिले?” “तीनशे नऊ.” “आणि हे काय लिहिलंस?” “एकोणचाळीस.” “मग?” तो जरा गोंधळून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “ते फयावरलं गणित शे मॅडम, ते येगळं शे.”

मी खूप वेळ काही बोलले नाही. मग भाज्याच्या, म्हणजे १८५४ च्या डोक्यावर श, द, ए लिहिलं, दहाच्या घराखाली बोट ठेवलं आणि विचारलं, “या घरात प्रत्येकाच्या हातात काय आलं?” “काहीच नही.” “मग ते काहीच नाही, ते लिहायचं.” तेवढ्यात घंटा झाली.

त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या पातळीचा तक्ता भरून केंद्रावर द्यायचा होता. भागाकाराच्या रकान्यात हो किंवा नाही, एवढंच. खेड्यांतल्या मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीतही गणिताची सर्वांत वरची पायरी हीच असते, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं, आणि मापायला ती सोयीची आहे हे मला समजतं. पण त्याच्यासाठी त्या दोन शब्दांतला एकही मला खरा वाटला नाही. नियम लेखी उत्तराचा आहे. मी ‘नाही’ लिहिलं आणि तक्ता पाठवला.

पुढचे चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी आला. पाटीवर ६१२ भागिले ६ दिलं. त्याने एक लिहिला, दहाच्या घरापाशी खडू थांबवला आणि विचारलं, “मॅडम, रिकामा हात कसा लिखतस?” मी म्हटलं, शून्य. त्याने ते काढलं, चांगलं मोठं, मग दोन. १०२. लगेच ७४२ भागिले ७ दिलं. त्याने लिहिलं १६.

मी पुन्हा नोटांचं पाकीट काढलं आणि सात मुलांना पुढे बोलावलं.