सैल दोरीचं जर्मन वेड

जर्मनीत कुत्रा पाळणाऱ्यांच्या तोंडी एक लांबलचक शब्द सतत असतो: लाइनेनफ्यूरिशकाइट. 'लाइने' म्हणजे दोरी, आणि ती न ताणता चालण्याच्या कुत्र्याच्या गुणाला हा शब्द. 'फूस' ही निराळी गोष्ट. फूस म्हणजे पाऊल. ही आज्ञा मिळाली की कुत्र्याने मालकाच्या गुडघ्याला लागून, लक्ष त्याच्याकडे ठेवून चालायचं, तेही रस्ता ओलांडताना किंवा गर्दीतून जाताना, दोन-चार मिनिटांपुरतं. बाकी फेरीभर त्याने डावीकडे जावं, उजवीकडे जावं, हुंगावं, रेंगाळावं. अट एकच, दोरीला झोळ हवा. हे दोन्ही एकच समजून पाऊण तास 'फूस'मध्ये चालवू पाहणारा नवखा मालक आठवड्याभरात थकतो. कुत्रा त्याच्या आधीच थकलेला असतो.

इथे दोरीतून सुटका नाही. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. नीडरसाक्सनमध्ये 1 एप्रिल ते 15 जुलै, म्हणजे पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात, रानात आणि मोकळ्या माळावर कुत्रा बांधलेलाच हवा. बर्लिनमध्ये बस-ट्रेनमध्ये आणि इमारतीच्या जिन्यात दोरी एक मीटरहून लांब चालत नाही. ओढणाऱ्या कुत्र्यावरचा जुना तोडगा म्हणजे आतून टोकं असलेला गळपट्टा. 1 जानेवारी 2022 पासून तो शिकवणीत वापरायला देशभर बंदी आहे. शॉक देणाऱ्या पट्ट्यांचा मार्ग तर न्यायालयाने 2006 मध्येच बंद केला. दुखवून शिकवणं असं कायद्यानेच मिटवल्यामुळे लोक दुसरी पद्धत मन लावून शिकतात.

कुत्रा ओढतो, कारण ओढल्याने काम होतं. त्याची दुडकी चाल आपल्या चालीपेक्षा मुळातच वेगवान. समोर झाड दिसतं, तो ओढतो, आपण चार पावलं मागोमाग जातो, झाड मिळतं. त्यात दहापैकी नऊ वेळा आपण थांबलो आणि दहाव्या वेळी घाईत ओढू दिलं, तर सवय मोडण्याऐवजी घट्ट होते. कधीतरी लागणारी लॉटरी माणसालाही सोडवत नाही. दोरी सतत ताणून धरणं हीसुद्धा चूकच, कारण ताण लागला की कुत्रा त्याच्या विरुद्ध दिशेला अंग टाकतो. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी म्हणूनच शिकवताना नको. तिच्यात कायम थोडा ताण असतो आणि ओढलं की लांबी वाढते, म्हणजे ओढण्याचं बक्षीस यंत्रातच बसवलेलं.

साधी, दोन मीटरची, सपाट विणीची दोरी घ्या. मोठ्या कुत्र्याला दोन सेंटिमीटर रुंद, लहानाला एक पुरे, आणि हूक हलकाच. जड हूक छोट्या कुत्र्याच्या मानेला सतत ओझं देतो. हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, असा हवा की पुढचे पट्टे इंग्रजी वाय अक्षरासारखे छातीच्या हाडावर येतील आणि खांदे मोकळे राहतील. छातीवरून आडवा जाणारा पट्टा खांद्याची हालचाल अडवू शकतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गळपट्ट्यावर जोर आला की श्वासनलिका दाबली जाते आणि डोळ्यातला दाबही वाढतो, म्हणून ओढणाऱ्या, छोट्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याला हार्नेसच बरा.

कुत्रा डावीकडे असेल तर दोरीचं टोक उजव्या हातात, अंगठ्यात अडकवून, मूठ पोटाजवळ. मनगटाला वेढे देऊ नका. तीस किलोच्या कुत्र्याने मांजर पाहिलं तर मनगट मुरगळतं किंवा माणूस तोंडावर आपटतो. डावा हात खाऊ देण्यासाठी मोकळा. खाऊ वाटाण्याएवढा, मऊ, न चावता गिळता येईल असा. पाच मिनिटांच्या सरावाला पन्नासेक तुकडे लागतात, आणि तेवढं खाणं दिवसाच्या वाटीतून कमी करायचं. देण्याची जागाही महत्त्वाची: आपल्या विजारीच्या शिवणीजवळ, कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर. पोटासमोर दिला की कुत्रा आडवा येऊन पायात घुटमळायला शिकतो. अडखळून पडणाऱ्यांची तक्रार बहुतेक इथूनच निघते.

सुरुवात घरात, दोरीशिवाय. एक पाऊल टाका, कुत्रा सोबत आला की त्याच क्षणी 'शाब्बास' आणि लगेच खाऊ. शब्दाला दोन सेकंद उशीर झाला तर तोवर कुत्रा दुसरंच काहीतरी करत असतो आणि शाबासकी त्याला लागते. मग दोन पावलं, मग तीन. पण पावलं नुसती वाढवत नेऊ नका. तीन, सात, एक, पाच, अशी उलटसुलट ठेवा, नाहीतर खेळ फक्त अवघड होत चाललाय हे कुत्र्याच्या लक्षात येतं. दहापैकी आठ वेळा जमलं की दोरी लावा. मग घरातला बोळ, मग जिना, मग अंगण, आणि शेवटी निवांत रस्ता. रोज पाच-पाच मिनिटं, दोन-तीनदा. आठ आठवड्यांचं पिल्लूही घरातला हा भाग सहज करतं.

रस्त्यावर दोरी ताणली की थांबा. मागे खेचू नका, ओरडू नका, खांबासारखे उभे राहा. कुत्रा वळून पाहतो किंवा एक पाऊल मागे येतो, दोरीला झोळ येतो. 'शाब्बास' म्हणा आणि चालू लागा. इथे मोठी गफलत होते. परत आल्याबरोबर खाऊ दिला तर हुशार कुत्रा ओढ, माघार, खाऊ अशी साखळी पाठ करतो आणि मुद्दाम ओढायला लागतो. म्हणून परत येण्याचं बक्षीस म्हणजे पुन्हा चालणं. खाऊ मिळेल तो त्यानंतरच्या चार-पाच सैल पावलांवर. थांबून जमत नसेल, दर पावलाला ताण येत असेल, तर ताण यायच्या आधीच हाक मारून उलट्या दिशेने वळा. पहिल्या आठवड्यात शंभर मीटरला वीस मिनिटं लागली तर त्यात वावगं काही नाही.

खाऊपेक्षा मोठं बक्षीस झुडपातच असतं. दहा सैल पावलं झाली की 'जा, हुंग' म्हणून त्याला झुडपाकडे सोडा. ज्या गोष्टीसाठी तो ओढत होता तीच आता न ओढल्याने मिळते.

आवडता खाऊही कुत्रा तोंडात घेईना, तर तो हट्टी नाही. समोरचं कुत्रं किंवा सायकल त्याला फार जवळ वाटतेय. रस्ता ओलांडा, अंतर वाढवा, तो खाऊ लागला की तिथून काम सुरू. समोरून कुत्रा आला तर नाकासमोर जाऊ नका, कमानीसारखा वळसा घ्या. जर्मन मालक दोरी आखूड करून कुत्रा बाजूला घेताना दिसला की तो 'भेट नको' सांगतोय. तिथे 'माझा काही करत नाही' हे उत्तर नव्हे, हेही इथे लवकर कळतं.

रोजच्या फेऱ्यांत सतत शिकवणं कुणालाच जमत नाही. बस गाठायची असते, पाऊस असतो. त्यासाठी दोन रिंगांचा हार्नेस उपयोगी पडतो: छातीची रिंग म्हणजे शाळा, पाठीची रिंग म्हणजे सुट्टी. शाळेत नियम एकदाही ढिला पडू द्यायचा नाही, सुट्टीत थोडी ओढ चालवून घ्यायची. कुत्र्याला हा फरक समजतो, फक्त आपण रिंग बदलायला विसरता कामा नये. पाच-दहा मीटरची लांब दोरी मात्र नेहमी पाठीच्या रिंगलाच. गळपट्ट्याला ती लावून कुत्रा पळत शेवटाला पोहोचला तर सगळा हिसका मानेवर. आणि हातात मोजे घाला, सुसाट जाणारी दोरी तळवे सोलते.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या वयात सगळं विसरल्यासारखं होतं. अशा वेळी दोन पायऱ्या मागे, पुन्हा बोळात. ओढणं बहुतेकदा दारातच सुरू होतं: दोरी हातात घेताच उड्या, दार किलकिलं होताच झेप. चारही पाय जमिनीवर येईपर्यंत दोरी लावू नका. झेप घेतली की दार पुन्हा लोटा. आधी नीट चालणारा कुत्रा अचानक एका बाजूला झुकू लागला, जिन्यावर अडखळू लागला किंवा हार्नेस पाहताच मागे सरू लागला, तर सराव थांबवून आधी पाठ, कंबर आणि काखेत पट्टा घासलाय का ते बघा, आणि मग डॉक्टरांकडे न्या.