बोट दाखवतो का, आणि कशासाठी?

‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही तसाच होता’ या एका वाक्यात अनेक घरांचं वर्ष जातं. ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका असेल तर शब्द मोजण्याआधी बोट पाहा. बिस्किटासाठी डब्याकडे बोट दाखवणं वेगळं आणि ‘ते बघ विमान’ म्हणून बोट दाखवून लगेच तुमच्या तोंडाकडे बघणं वेगळं. दीड वर्षाच्या सुमारास हे दुसरं दिसत नसेल, किंवा मूल तुमचा हात धरून अवजारासारखा वापरत असेल, तर थांबू नका.

१६ ते ३० महिन्यांसाठी एम-चॅट-आर ही ऑटिझमची जोखीम पाहणारी, आईबापांनी उत्तरं द्यायची २० प्रश्नांची चाळणी आहे. ० ते २ गुण म्हणजे जोखीम कमी. ३ ते ७ आले तर पाठपुराव्याचे प्रश्न विचारतात, ८ किंवा जास्त असतील तर थेट तपासणीला पाठवतात. गडबड होते ती इथे: प्रश्न २, ५ आणि १२ उलटे आहेत, तिथे ‘हो’ला गुण पडतो. शिवाय क्वचित कधीतरी केलेल्या गोष्टीला आईबाप हौसेने ‘हो’ म्हणतात. नेहमी करत असेल तरच ‘हो’. आणि हे निदान नव्हे, नुसती चाळणी.

हाक मारल्यावर वळत नसेल तर बेरा (ऐकू येतं का ते यंत्राने पाहणारी चाचणी) करून कान आधी तपासा. मोबाईलवरचं गाणं लागताच धावत येतो म्हणून ऐकू नीट येतं, असं धरून चालू नका.

डॉक्टरांकडे जाताना जेवताना, खेळताना आणि हाक मारतानाचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ न्या. दवाखान्यात मूल बुजतं. सरकारी सोय जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मिळते. स्पीच थेरपीसाठी निदानाच्या कागदाची वाट पाहायची गरज नाही.