वर्षभर कानांत राहिलेलं

डिसेंबर उजाडला की गाणी ऐकायचं ॲप वर्षाचा हिशोब पुढ्यात टाकतं. किती मिनिटं ऐकलं, कोणाला ऐकलं, कोणतं गाणं कितीदा. इथे जर्मनीत ऑफिसातले सगळे आपापले आकडे एकमेकांना दाखवत होते, मी मात्र मोबाईल पालथा घातला. माझ्या २०२५ च्या यादीत वर आलेल्या पाच अल्बमपैकी दोन माझ्या जन्माआधीचे आणि एक शाळेतल्या दिवसांतला. त्यातल्या एकात तर एक माणूस तासभर एकटाच पियानो वाजवतो आणि मधूनमधून कण्हतो. हे मी कोणाला आणि कसं समजावणार?

तर इथे सांगते. एक आधीच कबूल करते, मी अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, दिलेल्या क्रमानेच ऐकते. याबाबतीत इंग्लंडची गायिका अडेल माझी बहीण शोभेल. २०२१ मध्ये तिच्या आग्रहामुळे स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं गाणी पिसून वाजवणारं बटण मागे सारलं होतं. बाई योग्यच बोलली.

वर्षाची सुरुवात बॅड बनीने झाली. पोर्तो रिकोचा हा गायक, मला स्पॅनिशचं अक्षर येत नाही आणि त्याच्या आधीच्या अल्बमांशी माझं कधी जमलं नव्हतं. ५ जानेवारीला त्याचा नवा अल्बम आला तेव्हा मी थांबले ती कव्हर बघून. कव्हरवर दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे केळी, माणूस एकही नाही. गायकाचा चेहरासुद्धा नाही. अशा खुर्च्या बघत मी मोठी झाले. त्या कोणी विकत आणल्या हे कोणालाच आठवत नसतं, एकीचा पाय थोडा वाकडा असतो आणि पाहुणा आला की आपण चटकन ती स्वतःकडे ओढून घेतो. अल्बमचं नाव ‘देबी तिरार मास फोतोस’, म्हणजे ‘जास्त फोटो काढायला हवे होते’. अर्थ कळला आणि मी मोबाईल उघडून आमच्या घराचे फोटो चाळायला लागले. शेकडो निघाले. सगळ्यांत माणसं ओळीने उभी राहून कॅमेऱ्याकडे बघतायत. नुसतं घर, म्हणजे रिकामी खुर्ची, खिडकी, जिना, असा एकही फोटो नाही. दादाला मेसेज केला, मागच्या अंगणातल्या खुर्चीचा फोटो पाठव. त्याचं उत्तर आलं, “मोडली का विचारतेयस? नाही मोडली.” फोटो काही आला नाही.

उन्हाळ्यात बॅड बनीने पोर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआनमध्ये, एकाच ठिकाणी ओळीने कार्यक्रम केले. पहिले नऊ फक्त बेटावर राहणाऱ्यांसाठी होते. त्या मालिकेचं नाव होतं ‘मला इथून जायचं नाही’. सोडून गेलेल्यांना रांगेत मागे उभं करण्याची ही रीत मला आवडली आणि थोडी लागलीही.

जानेवारीतच दुसरीकडे मी झाकीर हुसेन ऐकत होते. १५ डिसेंबर २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोत ते गेले आणि जानेवारीभर माझ्या खोलीत त्यांचा तबला होता. ‘मेकिंग म्युझिक’ नावाचा १९८७ चा अल्बम आहे. त्यात तबल्यावर झाकीर, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर जॉन मॅकलॉक्लिन आणि सॅक्सोफोनवर नॉर्वेचा यान गारबारेक. तो ऐकता ऐकता बासरीचं बोट धरून मी वीस वर्षं मागे गेले आणि ‘कॉल ऑफ द व्हॅली’पाशी पोचले. १९६७ चा अल्बम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत.

बाबांकडे याची कॅसेट होती. वरचं कागदी वेष्टन केव्हाच हरवलं होतं आणि कॅसेटवर बाबांच्या अक्षरात नुसतं ‘व्हॅली’ लिहिलेलं. आमच्या कॅसेटवर भूप संपला की खट्ट आवाज व्हायचा आणि बाबा जागचे न हलता म्हणायचे, “उलटी कर गं.” आता ॲपवर भूपानंतर देस आपोआप सुरू होतो, पण मधल्या त्या क्षणी माझा हात अजूनही उठतो. खरंच उठतो. मेट्रोत एकदा शेजारच्या माणसाला कोपर लागलं.

फोनवर हे बाबांना सांगितलं तर ते कोपराकडे साफ दुर्लक्ष करून म्हणाले, “हा अल्बम कोणी करवून घेतला ठाऊक आहे का? जी. एन. जोशींनी. ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे जोशी.” मला ठाऊक नव्हतं. भावगीताची वाट पाडणाऱ्यांपैकी एक गायक पुढे एचएमव्हीत रेकॉर्डिंगचं काम बघायला बसतो आणि हा तीन तरुणांचा अल्बम काढतो, याचा बाबांना इतका अभिमान, जणू जोशी आमच्या वाड्यातलेच.

आता तो कण्हणारा माणूस. अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट, ‘द कोल्न कॉन्सर्ट’. २४ जानेवारी १९७५ च्या रात्री कोल्नच्या ऑपेरा हाउसमध्ये झालेली मैफल. म्हणजे यंदा पन्नास वर्षं झाली, त्या निमित्ताने इथे रेडिओवर, वर्तमानपत्रांत सगळीकडे तिची चर्चा होती. गोष्ट अशी. मैफल ठरवणारी वेरा ब्रँडेस तेव्हा अवघी अठरा वर्षांची. जॅरेटने मोठा बोझेनडॉर्फर ग्रँड पियानो मागितलेला. स्टेजवर आला तो सरावाचा छोटा पियानो, बेसूर, वरच्या पट्ट्या पत्र्यासारख्या वाजणाऱ्या, पॅडल धड न चालणारं. जॅरेट लांबचा मोटारप्रवास करून पाठदुखी घेऊन आलेला. तो म्हणाला, वाजवणार नाही. वेराने विनवण्या केल्या, दुरुस्तीवाल्यांनी संध्याकाळभर तारा जुळवल्या आणि रात्री साडेअकराला, आधीचा ऑपेरा आटोपल्यावर, तो बसला. वरचे सूर वाईट म्हणून बराच वेळ मधल्या पट्टीतच राहिला. खालचे सूर भरत नव्हते म्हणून डावा हात तेच ते बोल घोळवत राहिला. सहासष्ट मिनिटं. आधी जवळपास काहीच ठरवलेलं नव्हतं. सुरुवातीचे सूर म्हणजे त्या ऑपेरा हाउसमध्ये प्रेक्षकांना आत बोलावणाऱ्या घंटेची नक्कल, आणि रेकॉर्डिंग कान देऊन ऐकलं तर लोक हलकेच हसलेले कळतात. पियानोच्या एकट्याच्या अल्बमांत जगात सगळ्यांत जास्त खपलेला हाच.

‘अडचणीतून कला जन्मते’ असं या गोष्टीवरून भाषणं देणारे लोक मला सोसत नाहीत. पियानो चांगला असता तर कदाचित आणखी चांगलं वाजलं असतं, कोणी सांगावं? खुद्द जॅरेटही या अल्बमवर कधी फार खूश नव्हता. मला तो आवडतो त्याचं कारण वेगळं आहे. पहिल्या भागात सातव्या-आठव्या मिनिटाच्या पुढे कुठेतरी तो दोनच स्वरपुंजांवर येऊन थांबतो आणि तिथून हलतच नाही. आपण मनात म्हणतो, अरे, आता पुढे जा. तो जात नाही. मग आपणही हट्ट सोडतो. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात माझी हीच अवस्था होती. भाषेचे दोनशे-तीनशे शब्द, त्यातच घोळत राहायचं, विनोद करायचा तर त्यांतच, भांडायचं तर त्यांतच.

त्या अल्बममुळे एक फजितीही झाली. फेब्रुवारीत रात्री तो स्पीकरवर लावला होता, जॅरेट रंगात आला की गुणगुणतो, कण्हतो, पायही आपटतो. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. तब्येत बरी आहे ना, रात्री कोणीतरी फार वेदनेत असल्यासारखं ऐकू येत होतं, डॉक्टर हवा होता का. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की पियानो वाजत होता. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून त्यांना ते पटलेलं नाही.

मार्चमध्ये कोल्नला कामासाठी गेले तेव्हा वेळ काढून ऑपेरा हाउस बघायला गेले. २०१२ मध्ये ते दुरुस्तीसाठी बंद झालं आणि काम इतकी वर्षं लांबत गेलं होतं. कुंपण, पाट्या, पलीकडे इमारत. मी कुंपणाशी उभी राहून इयरफोनवर पहिली चार मिनिटं ऐकली. पाऊस आला, परतले.

नोव्हेंबरात स्पेनची गायिका रोसालियाचा ‘लक्स’ आला. डझनभराहून जास्त भाषांत गायलंय तिने, सोबत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. सगळाच झेपला असं म्हणणार नाही, काही ठिकाणी फारच नटवलाय. पण त्यातल्या एका गाण्यात अचानक जर्मन कोरस सुरू होतो. मी तेव्हा हातात इस्त्री घेऊन उभी होते, आणि अर्थ शोधायच्या आधी शब्द कळले. मनात मराठीत न येता थेट कळले. इस्त्री बाजूला ठेवली आणि गाणं परत लावलं.

शेवटचा अल्बम आर्वो पेर्टचा, ‘आलिना’. एस्टोनियाचा हा संगीतकार यंदा सप्टेंबरात नव्वद वर्षांचा झाला. १९८० मध्ये त्यालाही देश सोडावा लागला होता. अल्बम १९९९ चा आणि त्यात रचना दोनच. एक तीनदा, दुसरी दोनदा, आलटून पालटून. मला वाटलं होतं कंटाळा येईल. तिसऱ्यांदा तीच रचना आली तेव्हा ती तीच आहे हे कळायलाही वेळ लागला. दोनदा येणारी रचना १९७६ ची, ‘आलिनासाठी’. एका ओळखीच्या घरातली अठरा वर्षांची मुलगी इंग्लंडला गेली, आई मागे राहिली. रचना मुलीच्या नावे अर्पण केलेली आहे, पण लिहिली ती त्या आईचं मन निववायला. सूर मोजके, मध्ये भरपूर जागा. पानं तर जेमतेम दोन भरतात.

हे वाचलं त्या रविवारी आईला व्हिडिओ कॉल केला आणि म्हटलं, थांब, तुला काहीतरी ऐकवते. स्पीकर फोनजवळ धरला. आई स्क्रीनकडे टक लावून बसली. दोन मिनिटांनी म्हणाली, “लाव ना मग.” कॉलच्या ॲपने पियानोला गोंगाट समजून पार पुसून टाकलं होतं. माझा श्वास तेवढा तिकडे पोचत होता.

मग लिंक पाठवली आणि बाबांचा हेडफोन घालायला लावला. फोन चालूच ठेवला. हा अल्बम काढणाऱ्या ईसीएम कंपनीच्या अल्बमांत सुरुवातीला पाच सेकंद शांतता असते, त्या पाच सेकंदांत आई तीनदा “हॅलो” म्हणाली. मग गप्प झाली. मी तिच्याकडे बघत होते, मला इकडे काहीच ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि हळूच विचारलं, “ती मुलगी परत आली का गं?”

मी म्हटलं, तसं काही कुठे लिहिलेलं नाही.

“बरं,” म्हणाली, आणि हेडफोन परत कानावर घेतला.